नेत्राणीचे कोमट पाणी

आमच्या घरात समुद्र दर गुरुवारी तयार होत असे. राजाजीनगरच्या आमच्या दुमजली घरामागे, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, निळ्या प्लॅस्टिकची दोन पिंपे होती. त्यांत कावेरीचे गाळलेले पाणी भरायचे, समुद्री माशांसाठी मुद्दाम येणारे मीठ मापाने ओतायचे आणि खांदे भरून येईपर्यंत लाकडी फळीने ढवळायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, मध्येच ढवळणे थांबवून काचेची तरंगती नळी पाण्यात सोडत, चष्मा कपाळावर चढवून तिच्यावरची खूण पाहत आणि म्हणत, "पुट्टी, स्वल्प अजून." पुट्टी म्हणजे कन्नडात छोटी, आणि स्वल्प म्हणजे थोडे. मी आणखी ओंजळभर मीठ टाकी. घाट उतरल्याखेरीज जिथून किनारा गाठता येत नाही अशा या उंचावरच्या शहरात मी वाढले, आणि लिहायला शिकण्याआधी समुद्र बनवायला शिकले. खरा समुद्र आतून कसा दिसतो, हे मात्र आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. दुकानाच्या पुढल्या भागात गोड्या पाण्याच्या टाक्या, म्हणजे शाळकरी मुले खाऊच्या पैशांतून घेतात ते गप्पी आणि गोल्डफिश. आतल्या खोलीत समुद्री टाक्या. तिथे बाहेरचा उजेड येऊ नये म्हणून खिडकीला जाड पडदा होता आणि छताला निळ्या नळ्या लावलेल्या होत्या. त्या निळ्या उजेडात प्रवाळाचे तुकडे हिरवे-जांभळे पेटल्यासारखे दिसत. जयनगरचे एक दंतवैद्य आपल्या प्रतीक्षागृहासाठी, बोम्मसंद्र्याचे एक कारखानदार आपल्या स्वागतकक्षासाठी इथूनच टाकी घेऊन गेले होते. गिऱ्हाइकांशी अण्णा कन्नडात बोलत, चेन्नईहून माल पाठवणाऱ्याशी तमिळमध्ये, आणि दुपारी दुकानात कोणी नसले की माशांशी मराठीत. आमचे मराठी पिढ्यान्‌पिढ्या या शहरात मुरलेले. सुट्टीत पुण्याहून येणारी मावसभावंडे आमच्या 'सरी' (बरं) आणि 'साकु' (पुरे) या कन्नड शब्दांवर हसत. "मासे तरी हसत नाहीत," असे अण्णा म्हणत.

त्या घराचा आवाज अजून माझ्या कानात आहे. हवेच्या पंपांची एक सलग, जाड, खालच्या पट्टीतली घरघर. आम्ही तिच्यात झोपत असू, अभ्यास करत असू, भांडत असू. त्यामुळे आम्ही सगळेच थोडे मोठ्याने बोलतो. मी आजही परिषदेत निबंध वाचताना ध्वनिक्षेपक जरा लांब ठेवते. वीज गेली की घर एकदम गप्प होई, आणि त्या शांततेने आई हातातली पोळी तव्यावर टाकून खाली धावे. बॅटरीचे पंप मोजक्याच टाक्यांना पुरत. उरलेल्या टाक्यांसमोर आम्ही तिघे स्टीलचे तांबे घेऊन उभे राहायचो आणि टाकीतले पाणी उचलून उंचावरून टाकीतच ओतायचो, म्हणजे त्यात हवा मिसळावी. करपलेल्या पोळीचा वास आणि पाण्याची धार यांचा माझ्या मनात कायमचा संबंध जडला आहे. याच कारणाने आम्ही तिघे मिळून कधी कुठे गेलो नाही. कुणाचे लग्न असो की मयत, एकाने टाक्यांपाशी थांबायचे. बहुधा आई थांबे. "माझी काय, मला घरबसल्या समुद्र आहे," असे ती म्हणे, आणि त्यात तक्रार किती आणि विनोद किती, हे मला तेव्हा वेगळे काढता येत नसे. आजही येत नाही.

हिवाळ्यात घरभर अवरेकाईचा, म्हणजे पावट्याचा, वास असे. शेंगा सोलून दाणे रात्रभर भिजत घालायचे, सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून उडवायचा आणि त्याची आमटी करायची. दाणे उडवताना आईची बोटे इतकी वेगाने चालत की परातीत गारा पडल्यासारखा आवाज होई. त्याच बोटांनी ती दुकानात माशांच्या पिशव्या बांधी. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडे पाणी, मग मासा, मग सिलिंडरमधून ऑक्सिजन, आणि वर रबरबँड. अण्णा रबरबँडचे साधे वेढे देत. आई शेवटचा वेढा पिशवीच्या मुरडलेल्या टोकाला उलट दुमडून त्यावर घेई. तिने बांधलेली पिशवी कधी गळाल्याचे मी ऐकले नाही.

मी सागरी जीवशास्त्र निवडले तेव्हा नातेवाइकांना तो वायफळपणा वाटला. बेंगळुरात राहून समुद्राचा अभ्यास करणे म्हणजे वाळवंटात होडी बांधण्यासारखे आहे, असे एका काकांनी मला तोंडावर सांगितले. मला मात्र माझा मार्ग स्वच्छ दिसत होता. पदवी, मग संशोधन, मग ज्याकडे कोणालाही दुर्लक्ष करता येणार नाही असे काम. पहिल्या पगारातून मी स्कूबा शिकायला मुरुडेश्वरला गेले. तिथून होडीने गेले की नेत्राणी नावाचे खडकाळ, निर्मनुष्य बेट लागते आणि त्याच्या पायथ्याशी प्रवाळाचा भाग आहे. शिकवणारा केदार मूळचा पुण्याचा; सोमवार ते शुक्रवार तो बेंगळुरात सॉफ्टवेअरची नोकरी करी आणि शनिवार-रविवारी पाण्याखाली असे. पहिल्या दिवशी मी कानांवरील दाबाविषयी, नायट्रोजनविषयी, प्रवाहाच्या दिशेविषयी लागोपाठ प्रश्न विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, व्हायवा झाला असेल तर उडी मारता का प्लीज?"

मी उडी मारली. डिसेंबर होता आणि पाणी निवळशंख होते. होडीच्या तळापासून थेट खालच्या खडकापर्यंत नजर पोहोचत होती. खाली सपाट ताटांसारखी, मेंदूसारख्या वळ्यांची, हरणाच्या शिंगांसारखी प्रवाळे, बहुतेक तपकिरी आणि शेवाळी. दुकानातल्या निळ्या उजेडातला तो पेटता रंग कुठेच नव्हता, आणि माझी पहिली भावना, प्रामाणिकपणे नोंदवायची तर, किंचित निराशेची होती. मग त्या तपकिरी रंगावरून पोपटमासे चरत गेले आणि त्यांचे प्रवाळ कुरतडणे मला ऐकू आले. खडकाच्या कपारीतून एका वाम माशाने तोंड उघडझाप करत माझ्याकडे पाहिले. वर, उजेडाच्या बाजूला, बराकुडांचा थवा एका जागी अधांतरी थांबला होता. आणि ज्याला दुकानात आम्ही 'बॅनर' म्हणत असू, तो काळा-पांढरा-पिवळा, पाठीवर लांब पांढरी पताका असलेला मासा तिथे जोडीने फिरत होता. आमच्या टाकीत तो नेहमी एका कोपऱ्यात उभा असे. मला तो त्याचा स्वभाव वाटला होता.

मी परतल्यावर अण्णांनी मला रात्रीच्या जेवणापर्यंत बोलते ठेवले, आणि पुढच्या हिवाळ्यात ते माझ्याबरोबर आले. त्यांना पाण्यात जाण्याची परवानगी मात्र मिळाली नाही. तरुणपणी झालेल्या क्षयाचा व्रण त्यांच्या फुफ्फुसात होता. अशा फुफ्फुसात दाबाखालची हवा अडकली तर वर येताना ती फुगून फुफ्फुस फाटू शकते, म्हणून डॉक्टरांनी ठाम नकार दिला. मग आमचा एक रिवाज पडला. दर हिवाळ्यात अण्णा होडीत बसत, मी खाली जाई, आणि वर आल्यावर तोंड धुण्याआधी, पाणी पिण्याआधी, ते म्हणत, "सांग." मी सांगे. ते दुकानदाराच्या पद्धतीने उलटतपासणी घेत. केवढा होता? जोडीने होता का? काय खात होता? कल्ले जलद हलत होते का सावकाश? मी 'सुंदर' म्हणाले तर ते हात झटकत: "सुंदर काय, ते मला कॅलेंडरवर दिसतं. पोट भरलेलं होतं का, ते सांग." निरीक्षण म्हणजे काय हे मला विद्यापीठाने शिकवले असे माझ्या परिचयपत्रात लिहिलेले असते. ते तितकेसे अचूक नाही.

त्या वर्षांत केव्हा तरी अण्णांनी चेन्नईहून समुद्री माल मागवणे थांबवले. त्यांनी जाहीर काही केले नाही. आतल्या खोलीतली एकेक टाकी रिकामी होत गेली, एकेक निळी नळी विझली. मी विचारले तेव्हा "आता वय झालं, पिंपं ढवळवत नाहीत," एवढेच म्हणाले. शेवटी एकच समुद्री टाकी उरली आणि तिच्यात एकच मासा, एक म्हातारा बॅनर. आई त्याला पताकाशेट म्हणे आणि आपल्या हाताने सोललेल्या कोळंबीचे तुकडे खाऊ घाली.

मग अण्णांची फुफ्फुसे खरोखरच आजारी पडली. ती हळूहळू कडक होत चालली होती. औषधाने वेग कमी होईल, दिशा बदलणार नाही, असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले. जिना चढताना अण्णा दोनदा थांबू लागले. पूर्वी दुकानात ऑक्सिजनचा सिलिंडर आणून देणारा माणूस आता तसाच, थोडा लहान, सिलिंडर वरच्या मजल्यावर आणून ठेवी. पहिल्यांदा त्याने जिन्याखाली उभे राहून "अण्णा, टाकी कुठे हलवली?" असे विचारले आणि आईने नुसता वर हात दाखवला. एप्रिलच्या अखेरीस अण्णा मला म्हणाले, "पुट्टी, यंदा डिसेंबर लांब आहे. आत्ता जाऊ." मी डॉक्टरांना विचारले. होडीत बसायला त्यांची हरकत नव्हती. पावसाळ्याआधी समुद्र शांत असतो, केदारच्या होडीत आपत्कालीन ऑक्सिजन असतो, गाडी दिवसा करायची, वाटेत मुक्काम करायचा. मी सगळे तपासले आणि होकार दिला. आईने चित्रान्नाचा डबा, तांदळाच्या कुरकुरीत निप्पट्टूंची पिशवी आणि एक थर्माकोलचा खोका दिला. "यात काय?" मी विचारले. "त्यांचं आहे. उघडू नको, थंडावा जाईल," ती म्हणाली. औषधे असतील असे मी गृहीत धरले. ती दारात उभी राहून अण्णांना म्हणाली, "अहो, पाण्याकडे बघा. पाण्यात जाऊ नका." आणि ती आत वळली, कारण पंप चालू होते.

समुद्र त्या सकाळी इतका स्थिर होता की होडीच्या मागे उठलेली रेघ बराच वेळ पुसली जात नव्हती. "काका, आज व्हिज बघा, केवढं लांबचं दिसतंय," केदार म्हणाला. "स्विमिंग पूल आहे पूल! तुमच्यासाठी फिल्टर लावून ठेवलाय." अण्णा हसले, मग त्यांना खोकला आला, मग पुन्हा हसले. मी पाण्यात हात घातला. पाणी कोमट होते. आंघोळीला काढून ठेवलेल्या बादलीसारखे कोमट. माझा हात मी काढून घेतला नाही, पण मनात काय चालू झाले होते ते अण्णांना माझ्या चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी फिन्सचे पट्टे बांधायला वाकले.

खाली जाताना नेहमी एका खोलीवर थंड थर लागतो, अंगावर चादर ओढल्यासारखा. तो लागलाच नाही. तळापर्यंत तेच कोमट पाणी, आणि त्या नितळ पाण्यात मी पाहिलेली प्रवाळे पांढरी पडली होती. मळकट पांढरी नव्हेत, धुतलेल्या हाडासारखी. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते त्याला अन्न देते आणि तो तपकिरी रंगही त्याचाच. पाणी प्रमाणाबाहेर तापले की हे सोबती बाहेर पडतात आणि प्राणी उपाशी, पारदर्शक होऊन मागे उरतो; त्याच्या कातडीतून चुन्याचा सांगाडा दिसतो. मधूनमधून काही प्रवाळे मात्र पेटली होती. झगझगीत जांभळी, पोपटी, निळी. आमच्या आतल्या खोलीतला तोच रंग, इथे, भर उन्हात. सोबती गेल्यावर उघड्या पडलेल्या अंगाला उन्हापासून वाचवण्यासाठी काही जाती हा रंग चढवतात. तो आजाराचा रंग आहे. मासे होते. पोपटमासे चरत होते, बॅनरची जोडी फिरत होती, जणू कोणी त्यांना अजून कळवलेच नव्हते. मास्कच्या आत डोळे पुसता येत नाहीत, ही स्कूबाची एक तांत्रिक मर्यादा आहे.

मी वर आले, केदारने माझ्या पाठीवरची हवेची टाकी ओढून घेतली, आणि अण्णा म्हणाले, "सांग."

"प्रवाह नाही. खूप लांबचं दिसतंय."

त्यांनी हात झटकला.

"पुट्टी, मी हवामान नाही विचारलं."

"कोरल पांढरे पडलेत, अण्णा."

"सगळे?"

"बहुतेक. काही रंगीत आहेत."

"रंगीत आहेत ना?" त्यांचा चेहरा उजळला. "कसे, आपल्या नळीखाली दिसायचे तसे?"

"तसेच. पण तो रंग बरा नाही. पाणी तापलंय म्हणून आलाय तो."

"आपल्याकडे असा रंग आला की गिऱ्हाईक खोलीतून हलायचं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी थर्माकोलचा खोका पुढे ओढला, झाकण काढले आणि आतून ऑक्सिजनने टम्म फुगलेली पिशवी दोन्ही हातांनी बाहेर काढली. आत पताकाशेट होता. पिशवीच्या तोंडाशी रबरबँडचा शेवटचा वेढा उलट दुमडलेल्या टोकावर घेतलेला होता. म्हणजे आईला सगळे ठाऊक होते. तिनेच त्याला बांधून दिले होते.

"आयुष्यभर समुद्रातून काढलेलं विकलं," अण्णा म्हणाले. मग श्वास घेतला. "एक तरी परत देऊ दे."

केदार माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणाले, "अण्णा, बेडा. नको."

"का? हा इथलाच ना? तूच सांगितलंस, इथे जोडीनं फिरतात."

"जात इथली आहे. पण आपल्या टाकीत कुठकुठल्या समुद्रांतले मासे राहून गेले. त्यांचे रोग याच्या अंगात असू शकतात. खालच्या सगळ्यांना आधीच ताप आलाय. ताप आलेल्या घरात बाहेरचा पाहुणा सोडायचा का?"

"ए, एकच मासा आहे यार," केदार हळू आवाजात म्हणाला. "काकांसाठी. एवढ्या समुद्राला काय फरक पडतोय?"

"प्रत्येक जण एकच सोडतो, केदार."

"रोग आहे याला? नक्की?" अण्णांनी विचारले.

"नक्की नाही."

"मग?"

"रोग नाही, याचीही खात्री नाही. आणि अण्णा, हा हातातून कोळंबी खाणारा मासा आहे. त्याला खाली कोण सोलून देणार?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, ते रागावतील. मी त्यासाठी तयार होते, माझ्याकडे आणखी तीन मुद्दे होते. "तुला एवढं शिकवलं ते हेच सांगायला काय गं?" ते म्हणाले.

"हेच सांगायला."

"सरी," ते म्हणाले. पिशवी मांडीवर ठेवून त्यांनी तिच्यावर पंजाची सावली धरली. मग ते म्हणाले, "तर मला तरी उतरव."

आईने दारात काय बजावले होते ते मला आठवत होते. त्यांची फुफ्फुसे खोल जाण्यासाठी नव्हती, पण पृष्ठभागावर पाण्याचा जादा दाब नसतो. प्रश्न दमण्याचा आणि थंडी भरण्याचा होता, आणि पाणी थंड नव्हते. ज्या उष्णतेने खाली प्रवाळ मरत होते, तिच्यामुळेच माझे वडील त्या दिवशी समुद्रात उतरू शकले. हे वाक्य मी आजवर अनेकदा लिहून खोडले आहे, कारण ते एखाद्या युक्तीसारखे वाटते. पण वस्तुस्थिती तीच होती.

आम्ही त्यांना जीवरक्षक जाकीट घातले, मास्क लावला. नळीतून श्वास घेणे त्यांना झेपले नाही, म्हणून नळी काढून टाकली. एका बाजूला मी, एका बाजूला केदार, असे आम्ही त्यांना शिडीवरून उतरवले. उतरताना ते म्हणाले, "ती दे." मी पिशवी दिली. माशाची पिशवी घरी नेल्यावर लगेच उघडायची नसते. ती आधी बंदच नव्या टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, आतले आणि बाहेरचे तापमान जुळू द्यायचे, मग सोडायचे; प्रत्येक गिऱ्हाइकाला अण्णा हे दोनदा सांगत. त्यांनी पिशवी समुद्रावर ठेवली आणि एका हाताने नुसती धरून ठेवली. उघडली नाही. मग त्यांनी श्वास घेतला आणि तोंड पाण्यात घातले.

त्यांच्या श्वासाला पुरेल तेवढेच त्यांना दिसे. तोंड खाली, क्षणभर, दोन क्षण. मग वर, खोकला, धाप, केदारच्या खांद्यावर कपाळ. मग पुन्हा खाली. ते एकेक शब्द घेऊन वर येत. "पांढरं." पुन्हा खाली. "अय्यो, केवढं आहे." पुन्हा खाली. "पोपट चरतोय. पोट भरलेलं आहे." एकदा वर आल्यावर त्यांनी नुसते माझे मनगट दाबून धरले. आमच्या खालून बॅनरची जोडी सावकाश गेली. ती त्यांना दिसली का, हे मी विचारले नाही. पिशवीतला मासा प्लॅस्टिकला नाक लावून उभा होता, आणि त्याची पताका आतल्या इवल्याशा पाण्यात हलत होती.

"परत येतं का हे?" वर घेतल्यावर, ऑक्सिजनचा मुखवटा बाजूला सारून अण्णांनी विचारले.

"कधी कधी. पाणी लवकर निवलं तर. नाहीतर त्यावर शेवाळ चढतं आणि मग येत नाही."

"अच्छा," ते म्हणाले, आणि मुखवटा स्वतःच पुन्हा लावून घेतला.

मी होडीतूनच दोन कॅन स्वच्छ समुद्राचे पाणी भरून घेतले. किनाऱ्यावर पिशवीतले थोडे पाणी बदलले आणि केदारच्या सिलिंडरमधून ऑक्सिजन भरला; तिचे तोंड मी बांधले, आईसारखे बांधता आले नाही. संध्याकाळी आईला फोन केला. अण्णांनी पिशवीकडे पाहून बोटाने 'नको' अशी खूण केली, म्हणून मी माशाविषयी बोलले नाही. "झालं मनासारखं?" आईने विचारले. "आयितु, झालं," अण्णा फोनवर म्हणाले.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा आई जिन्याखाली उभी होती. तिने आधी अण्णांचा चेहरा पाहिला, मग त्यांच्या हातातली पिशवी, आणि तिचा हात तोंडाकडे गेला. आतल्या खोलीचा जाड पडदा काढून धुतलेला होता. खिडकीतून ऊन आत आले होते, आणि त्या उन्हात समुद्री टाकी उपडी घातलेली होती, लख्ख धुतलेली. तिच्याशेजारी जुन्या साडीवर टाकीतली वाळू आणि खडक नळाच्या पाण्याने धुऊन वाळत घातले होते. "मला वाटलं, आता हे संपलं," आई म्हणाली. "तुम्ही दमून याल, तुमच्या पाठीमागे ते काम नको, म्हणून..." समुद्री टाकीतल्या वाळूत आणि खडकांत न दिसणारे जिवाणू वस्ती करतात आणि माशाच्या अंगातून निघणारे विष तेच पचवतात. ती वस्ती बसायला महिने लागतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने आणि बेंगळुराच्या भर उन्हाळ्याने ती एका दिवसात मेली होती. आईला हे माझ्याइतकेच ठाऊक होते. मासा परत येईल, हे तिला ठाऊक नव्हते.

आम्ही माशाला टबात ठेवले. नेत्राणीचे पाणी, हवेचा पंप, आणि मागच्या अंगणात अनेक महिन्यांनी पुन्हा एक पिंप काठोकाठ भरलेले. अण्णा टबाशेजारी खुर्ची घेऊन बसले. मी विषाची पातळी तपासायची, किती पाणी बदलायचे ते ठरवायचे. आईने मीठ ढवळायचे. अण्णांनी तांब्याने जुने पाणी काढून नवे घालायचे, थेंबाथेंबाने, दमत, थांबत. त्या दिवसांत आमच्यात जितके बोलणे झाले तितके त्याआधीच्या कित्येक वर्षांत झाले नव्हते. आई त्याला कोळंबी दाखवी. तो तिच्या बोटांपर्यंत येई आणि परत जाई. मग येईनासा झाला.

तो एका दुपारी गेला. आई वर चहा करत होती. अण्णांनी त्याला जाळीने उचलले नाही, तळहातावर घेतले, आणि कल्ले उचलून पाहिले, सवयीने.

"पुट्टी," ते म्हणाले. "तुझं बरोबर होतं. तिथे सोडला असता तरी मेलाच असता."

ते मला समजावत होते. ज्याला जिना चढवत नव्हता तो माणूस माझ्या मनावर ओझे राहू नये म्हणून माझ्याच बाजूने मुद्दा मांडत होता, आणि त्याचा मुद्दा सिद्ध झालेला नव्हता. पाऊस त्या वर्षी उशिरा आला. अण्णांनी तो पाहिला. पुढचा डिसेंबर पाहिला नाही. नेत्राणीचा एक भाग नंतर पुन्हा तपकिरी झाला, एक भाग शेवाळाखाली गेला, आणि बॅनर दोन्हीकडे फिरताना मला दिसतात. तोच निर्णय मी आजही घेईन. तो माझ्या विषयाच्या दृष्टीने अचूक होता, आणि या वाक्याने मला काहीही मिळत नाही.

"हो अण्णा," मी तेव्हा म्हणाले. "मेलाच असता."

एकच मासा होता. पडताळून पाहायला दुसरा सोडता आला नसता.